मामा राष्ट्रपतिपदाला उभे राहतात

माणसानं निवडणुकीत पडावं तर आमच्या थोरल्या मामांसारखं. नगरपालिका, पंचायत समिती, विधानसभा, एवढंच काय, मठाच्या जत्रा कमिटीतसुद्धा ते पडले. आणि दर वेळी उदगीरच्या बाजारातल्या आपल्या किराणा दुकानात पेढे वाटून मोकळे झाले. "पडलेला माणूस कुणाचं वाईट करत न्हाई," हे त्यांचं म्हणणं. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग आणि अंगात जाड काळा कोट. भर उन्हाळ्यातही तो उतरायचा नाही, न जाणो कुणी शपथेला बोलावलं तर!

मी शिकायला त्यांच्याकडे होतो, तेव्हा लातूर जिल्हा नवा होता. कचेऱ्या आल्या, साहेब आले, जीपगाड्या आल्या. पाणी तेवढं आलं नाही. आषाढसुद्धा कोरडा चालला होता आणि टँकर आमच्या गल्लीच्या तोंडावरून सरळ पुढे जायचा. मामीच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता, तरी ती लांबच्या बारवेवरून घागर आणायची. मामा तक्रारी करून थकले. शेवटी म्हणाले, "लहान खुर्चीला ऐकू येत न्हाई. आता मोठ्या खुर्चीलाच उभा ऱ्हातो." आणि हा बाबा खरंच दिल्लीला जाऊन राष्ट्रपतिपदाचा अर्ज भरून आला! सूचक म्हणून आमदार-खासदार लागतात. मामांनी गल्लीतल्या न्हाव्याच्या, शिंप्याच्या आणि भजीवाल्याच्या सह्या नेल्या होत्या.

प्रचाराचं तर विचारू नका. या निवडणुकीत जनतेला मतच नसतं, असं मी म्हणालो तर माझ्यावरच डाफरले, "मला ठाऊक हाय रे! मत न्हाई म्हणून माणसाला इचारूबी नये का?" मग दारोदार हात जोडून, लिंगायतांच्या रीतीचा नमस्कार घालत, "शरणार्थी! मत देऊ नका, पर ध्यान असू द्या."

गंमत म्हणजे कचेरीत घबराट उडाली. राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराचा मान कसा ठेवायचा, हे त्या नव्या साहेबांना कुणी शिकवलंच नव्हतं. टँकर थेट गल्लीत! मामी दारातच घागर भरून घेऊ लागली आणि मामांकडे अशी बघू लागली, की लग्नातसुद्धा तशी बघितली नसेल.

अर्ज फेटाळल्याचं कळलं तेव्हा मी दुकानातच होतो. मामा हळूच म्हणाले, "गप ऱ्हा. टँकर यायलाय न्हवं." आणि कोट झटकून पुन्हा प्रचाराला निघाले. निकालापर्यंत त्यांनी किल्ला लढवला.

अखेर रेडिओवर भलत्याच माणसाचं नाव आलं, आणि दुसऱ्या दिवशी टँकर आला नाही. मामी घागर घेऊन निघाली. तसे मामा दुकानातून धावत आले, तिच्या हातातून घागर काढून घेतली, आणि काळ्या कोटासकट ती खांद्यावर टाकून भर बाजारातून बारवेकडे निघाले. बाप्यानं घागर उचलली की अख्खं गाव दात काढायचं, असा तो काळ. "राष्ट्रपती चालले!" कुणीतरी ओरडलंच. मामांनी मोकळ्या हातानं नमस्कार केला.

पुढे नळ येईपर्यंत पाणी तेच आणत राहिले. आता मामा नाहीत. मध्यंतरी टीव्हीवर राष्ट्रपतींचा शपथविधी लागला होता. मामी बराच वेळ बघत बसली. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "आमच्या ह्यांना बसायचा तसा कोट त्येंना बसला न्हाई."