मांडीमास्तर

काउंटरवरच्या मावशींना कुणी म्हणालं, की तुम्हाला माणसं बरोबर ओळखता येतात हो, तर त्या आधी पोट धरून हसतात. कारण ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नोकरीला लागल्या त्या पहिल्याच सकाळी त्यांनी खिडकीतून मास्तरांना पाहिलं आणि तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला: हा माणूस एक नंबरचा आळशी! समोरच्या मोकळ्या मैदानात शिकाऊ गाडी गोगलगायीसारखी सरकत होती. स्टिअरिंग धरलेली मुलगी घामाघूम झालेली. आणि शिकवणारे महाशय? बूट काढून, पट्टा लावून, शेजारच्या सीटवर मस्तपैकी मांडी ठोकून बसलेले. पुढ्यात ताट वाढायचंच काय ते बाकी होतं.

मावशींच्या पोटात काही राहत नाही. त्यांनी लगेच मालकांच्या कानावर घातलं. मालक म्हणाले, "तो मांडीमास्तर. त्याच्या नादी लागू नका. डोकं जरा सरकलंय, पण अजून गाडी ठोकलेली नाही त्यानं."

मांडीचं कारण कळायला दोन महिने गेले. शिकाऊ गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला, की मास्तरांनी दाबायचा. सगळ्या जगाला त्या ब्रेकचा आधार वाटतो, मास्तरांचा मात्र त्याच्यावर दात.

"समोर कुत्रं आलं की माझा पाय आपोआप जातो, मावशी. गाडी थांबते. शिकणाऱ्याला वाटतं, आपणच थांबवली. महिनाभर तो खुशीत असतो. मग स्वतःची गाडी काढतो, आणि त्या गाडीत मी नसतो."

"म्हणून मांडी?"

"म्हणून मांडी. गुंतवून ठेवल्याशिवाय हा पाय ऐकतच नाही."

हे शहाणपण मास्तरांना फुकट मिळालेलं नव्हतं. तरुणपणी त्यांनी सख्ख्या मेहुण्याला शिकवलं होतं. पोरगा इतका सफाईदार चालवायचा, की मास्तर चारचौघांत त्याचं कौतुक करत फिरायचे. नव्या गाडीच्या तिसऱ्या दिवशी मेहुणा भिंतीत शिरला. तेव्हापासून काठी घेऊन चालतो. बायकोच्या माहेरी मास्तरांना पाणी विचारतात, पण ग्लास टेबलावर ठेवून आत निघून जातात.

तेव्हापासून त्यांची पद्धत ठरलेली. पहिले तीन दिवस स्टिअरिंगला हात नाही. मागच्या सीटवर बसायचं आणि जे दिसेल ते मोठ्यानं बोलायचं. "उभी गाडी दिसतेय." "नुसती गाडी? आत माणूस आहे का? तो दार उघडेल का?" लोक वैतागायचे. गाडी शिकायला आलोय का आंधळी कोशिंबीर खेळायला, म्हणायचे. नंतर मैदानात, मास्तर मांडी घालून. रस्त्यावर मात्र पाय खाली, कारण रस्त्यावरची माणसं काही आपल्या शिकवणीसाठी घराबाहेर पडलेली नसतात. पण रस्त्यावर जितक्या वेळा मास्तरांना ब्रेक दाबावा लागला, तितक्या रेघा वहीत, शिकणाऱ्याच्या देखत. सलग पाच दिवस पान कोरं राहिलं, की प्रमाणपत्रावर सही. नाहीतर परत पहिल्यापासून.

पलीकडच्या गल्लीतली शाळा दहा दिवसांत प्रमाणपत्र देत होती. आपली गिऱ्हाइकं तिकडे पळताना बघून मालकांचा नुसता जळफळाट व्हायचा. तरी त्यांनी मास्तरांना ठेवून घेतलं होतं, कारण मोठ्या कंपन्या त्यांची सही बघून ड्रायव्हर घ्यायच्या.

आणि तीच सही मावशींच्या भाचीला हवी होती.

भाची म्हणजे मावशींच्या थोरल्या बहिणीची लेक. चुणचुणीत, तोंडाची फटकळ, थेट मावशींवर गेलेली. परवाना खिशात होता, पण पार्सल पोचवणाऱ्या कंपनीला शाळेचं प्रमाणपत्र लागत होतं, तेही सोमवारी सकाळी. बाप घरी बसून होता, तिघा भावंडांत कमावण्याजोगी हीच. चार दिवस पान कोरं राहिलं. मावशींनी मनात पेढे वाटले. पाचव्या दिवशी, शुक्रवारी, वहीत दोन रेघा पडल्या.

"मास्तर, दोनच तर आहेत!" मावशी काउंटरवरून वाकून म्हणाल्या.

"दोन माणसं आहेत ती, मावशी. एक म्हातारी, एक सायकलवाला."

"लागलं का कुणाला?"

"माझा पाय होता म्हणून नाही लागलं."

"अहो, पोरीची नोकरी जाईल. तुमची एक सही, त्यात काय एवढं? मी काय परकी आहे?"

मास्तर भाचीकडे वळले. "तू सांग. सायकलवाला कधी दिसला तुला?"

भाची फणकारली. "दिसला होता मला. मी दाबणारच होते."

"दाबणारच होते," मास्तर म्हणाले. "हे असं वाटणं जाईपर्यंत सही नाही. पुढच्या शुक्रवारी बघू."

मावशींचं डोकं असं फिरलं, की शनिवारी सकाळपासून त्या मास्तरांशी बोलल्याच नाहीत. स्वतःचा मेहुणा भिंतीत शिरला म्हणून साऱ्या जगाला वेठीला धरायचं? दुपारी मास्तर गाडी घेऊन गेले, मालक जेवायला गेले. शिक्क्याच्या खणाची किल्ली मावशींच्याच कमरेला. मास्तरांची सही कोंबडीच्या पंजासारखी, पावतीमागे तीनदा गिरवली आणि चौथी हुबेहूब आली. शिक्का मारताना हातसुद्धा थरथरला नाही. आता त्यांना त्याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

तीन आठवडे भाची दणक्यात कामावर गेली. चौथ्या आठवड्यात, भर सकाळी, कंपनीची व्हॅन एका सायकलवाल्यावर गेली. शाळेत गणित शिकवणारे गृहस्थ होते. जीव वाचला, खुब्याचं हाड गेलं. डॉक्टर म्हणाले, चालतील, पण पूर्वीसारखं नाही.

दवाखान्याच्या बाकावर भाची मावशींच्या कुशीत शिरली. लहान असताना ताप आला की शिरायची तशीच. म्हणाली, "मावशी, मला वाटलं गाडी थांबेल गं. नेहमी थांबायची."

मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस प्रमाणपत्र नाचवत आला. मास्तरांनी कागद उजेडात धरला, वही उघडून शुक्रवारचं पान दाखवलं. "ही सही माझी नाही. ही पोरगी मी सोडलेलीच नव्हती." तो म्हणाला, शिक्का तुमच्या शाळेचा आहे, तुमचं तुम्ही बघा, संध्याकाळपर्यंत मला नाव पाहिजे. आणि गेला.

खोलीत मालक, मास्तर आणि मावशी, तिघंच उरले. मास्तरांनी मावशींच्या कमरेच्या किल्लीकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. ती नजर मावशींना सोसली नाही.

"मी मारला शिक्का," त्या म्हणाल्या. "सहीही मीच केली."

मालकांनी हातातल्या पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "मी काही ऐकलं नाही. मावशी, शाळेतल्या माणसानं खोटी सही केली असं बाहेर कळलं, तर शाळेची मान्यता जाईल. तुमची नोकरी जाईल, भाचीवरचा खटला वाढेल. मास्तरांनी घाईत सही केली म्हटलं, तर फक्त मास्तर जातील. आता परत सांगा, काय म्हणत होता?"

मावशींनी तोंड उघडलं. डोळ्यांपुढे बहिणीचं घर आलं, भाचीचा सुजलेला चेहरा आला. आणि त्यांनी तोंड मिटलं. एकदा खरं बोलायला धीर लागतो, तो होता त्यांच्याकडे. दुसऱ्यांदा बोलायला जो लागतो, तो निघाला नाही.

"एकोणीस वर्षं या शाळेत," मास्तर म्हणाले. एवढंच. मग मावशींना म्हणाले, "पोरीला पाठवा माझ्याकडे. गाडी नसली तरी चालेल. चौकात बाकावर बसवून बघायला शिकवेन."

त्यांनी वही घेतली, बूट घातले आणि मैदानात जाऊन शिकाऊ गाडीच्या पुढच्या काचेपाशी खुडबुड करू लागले. आपल्या बाजूला लावलेला जादा आरसा ते काढत होते. मालक धावले. मावशी मागोमाग.

"अहो मास्तर, तो कुठे चालला? गाडीला लावलेलं ते गाडीचं!"

"हा मी आणलाय. माझ्या पैशांचा."

"कुणीही आणो. गाडीला बसवला की गाडीचा."

"असं?" मास्तर स्क्रू फिरवतच राहिले. "गाडीचा आरसा कुणाला मागचं दाखवतो?"

"चालवणाऱ्याला."

"आणि हा?"

"तुम्हाला. म्हणजे शिकवणाऱ्याला."

"मी गाडीचा आहे का?"

"नाही. आता नाही."

"मग माझ्याबरोबर हाही निघाला. का मलाही गाडीला बसवलेला धरताय? तसं असेल तर सांगा, मी बसतो."

मालकांनी हात झटकले. "न्या हो, न्या! एका आरशापायी डोकं नका खाऊ."

"स्क्रूसुद्धा माझाच आहे," मास्तर म्हणाले. "आत्ता तुमच्या पायाशी पडला तो."

मालकांनी मावशींकडे पाहिलं, मावशींनी जमिनीकडे. शेवटी मालकच गुडघ्यावर बसले, गाडीखाली हात घातला आणि धुळीतून स्क्रू काढून मास्तरांच्या हातावर ठेवला.