साडूंची जीप आणि भरलेला तांब्या

माझ्या साडूंइतका दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडणार नाही, आणि अशा माणसाला मी भर पंगतीत खोटं सांगितलं. ही कबुली आधीच देऊन टाकतो. ती पोटात ठेवून त्यांच्याविषयी लिहायला बसलो, की चांगला शब्दही मला उष्टा वाटायला लागतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. घाटनांदूरला त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. माणसांवर त्यांचा जेवढा विश्वास, तेवढाच वस्तूंवर अविश्वास. गिऱ्हाइकानं तांब्या पसंत केला की ते तो काठोकाठ भरतात, गल्ल्यावर ठेवतात आणि बुडाला थेंब येत नाही याची खात्री होईपर्यंत त्याला घरची ख्यालीखुशाली विचारत बसवून घेतात. रुखवताची भांडी घ्यायला आलेली माणसं दुपारचं जेवण तिथंच उरकून निघतात. स्वतःच्या लग्नात त्यांनी पाट हलवून बघितला आणि मगच त्यावर बसले, असं मेहुणी अजून सांगते. एवढ्यानं त्यांचं दुकान बुडायला हवं होतं, पण लोक लांबलांबून त्यांच्याकडेच येतात.

असा माणूस जुनी जीप घेईल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण त्याला कारण होतं. आमचे सासरे एका सरकारी खात्यात जीपचे ड्रायव्हर होते. जन्मभर त्यांनी साहेबांना फिरवलं आणि बायकोला एकदाही त्या जीपमध्ये बसू दिलं नाही. सासूबाई डोक्यावर पाटी घेऊन पाटोद्याच्या बाजाराला चालत निघायच्या, आणि सासरे त्यांच्या शेजारून, धूळ उडू नये म्हणून तेवढी जीप हळू करून, पुढे निघून जायचे. सासरे गेल्यावर सासूबाई एकदा हसत हसत म्हणाल्या, की एकदा तरी पुढं बसून बघायचं होतं. ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं आणि विसरलो. साडू विसरले नाहीत. नगरकडच्या एका मळ्यात त्यांनी तसलीच जीप शोधून काढली. तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. कोंबड्यांना पर्यायी सोय लावून दिल्यावरच त्यांनी ती हलवली.

अधिक महिन्यात सासूबाईंनी दोघा जावयांना धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. मी बीडला शिकवणीचे वर्ग घेतो. त्यातून नुकतीच नवी मोटार घेतली होती आणि ती धुऊनपुसून घेऊन गेलो. साडू जीप घेऊन आले. सगळी आळी जीपभोवती जमली. माझ्या गाडीचा रंगसुद्धा कुणी विचारला नाही. साडूंनी मला कौतुकानं एक फेरी मारून आणली. उतारावर शेळ्या आडव्या आल्या. पेडल दोनदा दाबावं लागलं, पण जीप शेळ्यांपासून चांगली लांब थांबली. परत आलो. पंगतीत पुरणाचे धोंडे वाढले जात असताना मी सहज आवाजात सांगितलं, की जीपला ब्रेकच नाही, शेळ्या नशिबानं वाचल्या.

जेवण झाल्यावर सासूबाई नवं लुगडं नेसून जीपपाशी आल्या, त्यांनी पायरीवर पाय ठेवला, आणि दोघी लेकींनी त्यांना दंडाला धरून मागं ओढलं. त्यांनी पाय खाली घेतला. तो पाय मला अजून दिसतो.

साडू रागावले असते तर मी सुटलो असतो. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "साडूभाऊ, लई उपकार झाले. मी चालवतो अन् मलाच कळलं न्हाई. तुमाला बसल्या जागी कळलं."

तेव्हापासून ती जीप बीडच्या एका गॅरेजात राहू लागली. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसले, पेडल हलकं व्हावं म्हणून बूस्टर बसला. ब्रेक झाल्यावर साडूंना स्टिअरिंगचा संशय आला. चाक बरंच फिरवावं तेव्हा कुठं टायरांना निरोप पोचायचा. तिथं पॉवर स्टिअरिंग आलं. प्रत्येक कामानंतर ते बॉनेटवर भरलेला तांब्या ठेवून ब्रेक मारायचे, आणि पाणी सांडलं की जीप पुन्हा आत. मिस्त्री म्हणाला, मालक, ही जीप हाय, पाळणा न्हाई. साडू म्हणाले, आमच्या सासूबाई बसनार हायेत. प्रत्येक वेळी ते मला फोन करून सगळं तपशिलानं सांगत आणि शेवटी म्हणत, तुमच्यामुळं झालं. मी "छान, छान" म्हणायचो आणि फोन ठेवून द्यायचो.

दिवाळीनंतर ते दिवस ठरवून आले. सासूबाई पुढं, मी मागं. जीपची खोट मी काढली होती म्हणून परीक्षकही मीच. त्यांनी भरलेला तांब्या माझ्या हातात दिला. पाटोद्याच्या रस्त्याचा घाट सुरू झाला. साडू हलक्या हातानं वळणं घेत होते. सासूबाई स्टिअरिंगकडे बघत म्हणाल्या, "किती हलकं फिरतंय. ह्यांचे खांदे भरून यायचे. रोज तेल चोळायची मी." मग त्या खिडकीवर कोपर टेकून रस्त्याकडे बघत राहिल्या. त्या रस्त्यानं त्या किती चालल्या असतील, ते माझ्या मनात आलं, आणि पाणी माझ्या पँटवर सांडलं.

साडूंनी आरशात बघितलं आणि जीप अलगद थांबवली. त्यांचा चेहरा उतरला होता. "आजून कमीच हाय जनू," ते म्हणाले. "आई, उतरा. मागारी बीडला न्यावी लागंल." सासूबाईंनी पदर सावरला आणि पाय पायरीकडे नेला.

"आई, उतरू नका," मी म्हणालो. "साडूभाऊ, ब्रेक चांगला आहे. पाणी माझ्या हातानं सांडलं. त्या दिवशीही ब्रेक लागला होता, शेळ्या लांब होत्या. तुमची जीप सगळे बघत होते आणि माझी गाडी कुणी बघत नव्हतं, म्हणून मी खोटं बोललो. मला माफ करा. आई, तुम्हीसुद्धा."

सासूबाईंनी पाय आत घेतला. साडूंनी माझ्या हातातला अर्धा तांब्या घेतला, बुडाला एकदा बोट फिरवलं, आणि तो सासूबाईंच्या मांडीवर ठेवून जीप सुरू केली.