दुसरा ब्राउझर

कुणावर काही लिहावं एवढा माझा अधिकार नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला, आणि शाळेतल्या निबंधापलीकडे मराठीत मी काही लिहिलेलं नाही. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. पण अक्कांबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही.

अक्का चष्मा कपाळावर ढकलायच्या, नाक स्क्रीनला लागेल इतक्या पुढे वाकायच्या आणि विचारायच्या, "याच्याबरोबर राहता येईल का?"

चेन्नईत गिंडीतल्या ज्या छोट्या कंपनीत मी इंटर्नशिपला होतो, तिथल्या त्या सर्वांत जुन्या प्रोग्रामर. तमिळ मुलं त्यांना अक्का म्हणत, म्हणून मीही. हा प्रश्न त्यांनी मानकांच्या बैठकांतून उचलला होता. वेबपानं सगळ्या ब्राउझरमध्ये सारखी दिसावीत म्हणून जे नियम ठरतात, ते कुणा एका कंपनीचे नसतात. जगभरातले लोक उघडपणे वाद घालून ते ठरवतात. कुणीही हरकत घेऊ शकतं. शेवटी मतं मोजत बसत नाहीत. पसंत नसलं तरी याच्याबरोबर राहता येईल का, एवढंच विचारतात. अक्का संध्याकाळी या बैठकांना ऑनलाइन बसायच्या. पगाराशी त्याचा संबंध नव्हता.

कँटीनमध्ये सांबार पातळ आलं की तिथेही तोच प्रश्न.

"नाही राहता येत, अक्का," मी एकदा म्हणालो.

"मग तोंड वाकडं करून काय होतं पा? कारण सांग, बदल सुचव."

त्या तंजावरकडच्या मराठी घरातल्या. बोलताना 'मला'ऐवजी 'मज' म्हणायच्या आणि मध्येच 'सरी', म्हणजे ठीक, किंवा वाक्याच्या शेवटी 'पा', म्हणजे बाबा, असं तमिळ यायचं. माझं मराठी ऐकून त्यांना हसू यायचं, त्यांचं ऐकून मला. पण लिपी त्यांना घरात मिळाली नव्हती. "आमच्यात मराठी तोंडात आहे, डोळ्यांत नाही," त्या म्हणायच्या. चाळिशीनंतर त्या मराठी वाचायला शिकल्या, तेही वेबपानांवरून.

तिथेच एक चूक झाली. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं दाखवताना ब्राउझर 'स्त्री' हा शब्द तोडायचा. 'स्' तेवढा मोठा, पाय मोडलेला, आणि 'त्री' बारीक, बाजूला. अक्कांना वाटलं, सुरुवातीला तो असाच लिहितात. कितीतरी दिवस त्या तसाच लिहीत राहिल्या. मग एका छापील पुस्तकात तो अखंड दिसला.

"पुस्तकातून शिकला त्याला कळतं, हे मोडलंय," त्या मला म्हणाल्या. "जो स्क्रीनवरूनच शिकेल, त्यास कोण सांगणार?"

म्हणून त्यांनी मानकांच्या ऑनलाइन चर्चेत हरकत नोंदवली. तिकडून विचारणा झाली, छापील पुस्तकांत हे अक्षर कसं असतं याचे नमुने आहेत का? अक्कांनी ते काम मला दिलं.

"मी कोण, अक्का, तिथे लिहिणारा?"

"तुज वाचता येतं ना? मग कोण म्हणजे काय?"

मी गावी आईला फोन केला. तिने बहिणीच्या गोष्टींच्या पुस्तकाचे फोटो पाठवले. आईला वाचता येत नाही. जिथे मोठं अक्षर दिसलं तिथे तिने पान अंगठ्याने दाबून धरलं होतं. मी तो अंगठा कापून फोटो चर्चेत टाकणार होतो. अक्कांनी हात धरला. "असू दे. खरं पुस्तक आहे हे कळतं." आईचा अंगठा अजून त्या चर्चेत आहे. कुणालाही दिसतो.

नियम मान्य झाला. पण तो पक्का व्हायला दोन वेगवेगळ्या ब्राउझरनी तो पाळून दाखवावा लागतो. पहिल्याने लवकर पाळला. दुसरा काही हलेना. "एक ब्राउझर म्हणजे हट्ट, दोन म्हणजे नियम," अक्का म्हणायच्या आणि रोज सकाळी दुसऱ्या ब्राउझरमध्ये आमचं चाचणीचं पान उघडून बघायच्या. 'स्' तसाच लंगडा.

पुढे मी शहराबाहेर सिरुसेरीला नोकरीला लागलो. अक्का निवृत्त झाल्या. भेटी राहून गेल्या.

गेल्या महिन्यात त्या चर्चेतून मेल आली. दुसरा ब्राउझर चाचणीत पास झाला होता. रीतीप्रमाणे हरकत घेणाऱ्याला विचारलं होतं, समाधान झालं का? अक्कांचं उत्तर नेहमी सकाळच्या कॉफीआधी यायचं. या वेळी आठवडा गेला, आलं नाही. मी फोन लावला. त्यांच्या यजमानांनी उचलला.

"ती गेली पा. पोंगलच्या आधी. तुज कुणी सांगितलं नाही?"

मी दुसऱ्या ब्राउझरचं सांगितलं.

"ते बघून गेली ती," ते म्हणाले. "ब्राउझरात नवीन काही आलं की आधी कच्चं रूप देतात ना, ते तिनं माझ्या फोनवर घालून ठेवलं होतं. हॉस्पिटलात रोज सकाळी मज ते पान उघडायला लावायची. एक दिवस अक्षर अखंड आलं."

"काय म्हणाल्या?"

"चष्मा वर ढकलून खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, अक्षर सरी, पण डोक्यावरची रेघ पुढच्या अक्षरांशी जुळत नाही. याच्याबरोबर राहता येत नाही, लिहून कळवा." मग त्यांनी मलाच विचारलं, "कुठं लिहायचं ते मज ठाऊक नाही पा. तुज ठाऊक आहे ना?"