हातांनी निवडलेला संघ

आमच्या शेडमध्ये कुणी बोलत नाही, कारण बोलून उपयोग नसतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या त्या पत्र्याखाली टॉवेलचे माग एकदा सुरू झाले की शेजारच्याच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी त्याला फक्त वाफ जाणवते. म्हणून आम्ही हातांनी बोलतो. सूत तुटलं, धाग्याची कांडी संपली, मालक आला, चहा आला, सगळ्याला खुणा आहेत. त्या कुणी शिकवत नाही, थोड्या दिवसांत आपोआप येतात. बाकीच्यांचं तेवढ्यावर भागायचं. माझं आणि समोरच्या ओळीत माग सांभाळणाऱ्या माझ्या दोस्ताचं भागत नव्हतं, कारण आम्हाला फुटबॉलवर बोलायचं असायचं.

दोस्त माझ्याहून बराच लहान, तेलुगू विणकरांच्या घरातला. मला अन्ना म्हणायचा, म्हणजे थोरला भाऊ. मी माढ्याकडचा. कामासाठी सोलापुरात आलो, भवानी पेठेत भाड्याची खोली घेतली आणि तिथंच रुतलो. अख्खी शेड क्रिकेटची. इंग्लंडमधल्या एका क्लबसाठी जीव टाकणारे आम्ही दोघंच. मला क्रिकेटचं वावडं नाही, पण क्रिकेटची निम्मी मजा ऐकण्यात असते. फुटबॉलला आवाज लागत नाही. मोबाइल समोर धरायचा, अकरा जण कसे पांगतात आणि कसे गोळा होतात ते बघायचं, बास. हे मला फार आधी उमगलं होतं. मलाच का उमगलं, हा प्रश्न मात्र मी स्वतःला कधी विचारला नाही.

तर आमच्या खुणा. आमचा म्हातारा बचावपटू म्हणजे कमरेवर मागून हात, कारण दर कॉर्नरनंतर तो तसा उभा राहायचा. महागडा स्ट्रायकर म्हणजे डोक्यावर शेंडी. पोरगेला विंगर म्हणजे मांडीचा मागचा भाग चोळणं, कारण तो तिथंच जायबंदी व्हायचा. प्रशिक्षक म्हणजे हनुवटी खाजवणं. ‘विका’ म्हणायचं असलं की टॉवेलची घडी घातल्यासारखे हात करायचे, कारण आमच्याकडे घडी पडलेला माल शेडमध्ये राहत नाही. ‘बाकावर बसवा’ म्हणजे तळहात खाली दाबायचा. एवढ्या भांडवलावर आम्ही पाळीच्या पाळी भांडायचो, आणि मध्ये हात रिकामे करून तुटलेलं सूतही जोडायचो.

संघाबद्दल माझी मतं पक्की असतात आणि ती कुणी विचारेपर्यंत मी थांबत नाही. स्ट्रायकरबद्दल माझं म्हणणं होतं की त्याच्या पायांत दोष नाही, मानेत आहे. चेंडू आला की तो गोलकडे बघण्याआधी प्रशिक्षकाकडे बघतो. ही खोड सुटली तर दोन वर्षांत त्याच्यासारखा कुणी नसेल, नाही सुटली तर शेंडीसकट विकावा. विंगरला लोक डोक्यावर घेऊन नाचत होते. मी म्हणायचो, पोरगं एकाच पायाचं आहे आणि समोरच्यांना ते कळलंय. त्याला वर्षभर एखाद्या छोट्या क्लबला उसना द्या, तिथं लाथा खाल्ल्या की शहाणा होऊन परत येईल. आणि म्हाताऱ्या बचावपटूला हात लावायचा नाही. तो पळत नाही अशी सगळीकडे ओरड होती. अहो, पळावं लागू नये अशा जागी तो आधीच जाऊन उभा असतो. ते बघायला डोळे लागतात.

मी कमरेवर हात ठेवला की दोस्त घडी घालायचा. मी मान हलवायचो. तो आणखी बारीक घडी घालायचा आणि खिशात ठेवल्यासारखं करायचा. त्याला चिडवायला भारी यायचं.

खरं भांडण लेफ्ट बॅकवरून होतं. हा खेळाडू कित्येक हंगाम नुसता बाकावर बसून होता. चांगला खेळाडू, पण त्याच्या जागेवर कायम दुसरा कुणीतरी असायचा. त्याला वेगळी खूणच नव्हती. तळहात दाबला की तो. मी म्हणायचो, राहू दे, संधी येते. बाहेर पडला तर कुठल्या तरी फडतूस क्लबात जाईल आणि कुणाला आठवणारही नाही. दोस्ताला हे पटायचं नाही. एकदा बाहेरच्या टपरीवर चहा पिताना तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “अन्ना, नुसता शर्ट घालून काय करायचं की? पाय चालतेत तोवर निघायचं असतंय.”

हे तो माझ्याबद्दल बोलत नव्हता. पण मला लागलं, आणि मी उगाच चहावाल्यावर तडकलो.

कारण मला त्या शेडमधून बाहेर पडायचं होतं. त्या वर्षांत मला दुसरं काही हवं होतं असं आठवत नाही. तिकडे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचे ठरावीक दिवस असतात, त्याला खिडकी म्हणतात. आमच्याकडे दिवाळीचा बोनस हातात पडला की कामगार कारखाने बदलतात. त्या आठवड्याला आम्ही दोघं आमची खिडकी म्हणायचो. दर दिवाळीला दोनचार जण या शेडमधून त्या शेडमध्ये जायचे. मी जायचो नाही. गेलो तरी तिथं तेच माग आणि तोच आवाज. मला मागापासूनच सुटायचं होतं. जिथं माणसं तोंडानं बोलतात असं काम हवं होतं.

त्या दिवाळीत खिडकी खरोखर उघडली. पुण्याजवळच्या एका गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्याला मशीनवर माणसं हवी होती. दोस्तानं बातमी आणली. मागावर काम केलेली माणसं त्यांना चालत होती, आमच्या दोघांच्या मुलाखती एकत्रच झाल्या, बोलायचं काम दोस्तानंच केलं, कागद झाले. एक मेडिकल तेवढी राहिली होती. दोस्तानं दोन ओळींमधल्या गल्लीच्या पलीकडून तळहात दाबला, मग तोच हात वर उचलून भुर्रकन उडवला. लेफ्ट बॅक निघाला. आपण दोघंही निघालो. मी इतका खूष होतो की म्हाताऱ्या बचावपटूला विकायलाही त्या दिवशी हो म्हटलं असतं.

मेडिकल म्हटल्यावर मला एक गोष्ट आठवायला हवी होती. आमच्या क्लबनं एकदा एका नामांकित मिडफिल्डरचा सौदा मेडिकलमध्ये मोडला होता. गुडघ्यात काहीतरी निघालं. दोस्त हळहळला होता. मी म्हणालो होतो, बरोबर केलं, माल बघूनच घ्यायचा असतो.

माझी रक्त, डोळे, छाती, सगळी तपासणी झाली. मग एका काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर मोठे गोल चढवले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडे तपासणाऱ्या बाई त्यांच्या यंत्रापुढे बसल्या. मी वाट बघत राहिलो. मला वाटलं अजून सुरू झालेलं नाही. मग बाईंचा हात यंत्रावर सरकताना दिसला, तो थांबला, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी लिहिलं. तेव्हा कळलं की सुरू होऊन बराच वेळ झालाय.

मी आयुष्यभर हात वाचत आलोय. गल्लीपलीकडच्या माणसाचं बोट हललं तरी तो स्ट्रायकरबद्दल बोलतोय की कांडीबद्दल, ते मला कळतं. मी बाईंच्या उजव्या खांद्यावर नजर धरली. खांदा किंचित खाली गेला की त्या कळ दाबतात. खांदा गेला, मी बटण दाबलं. पुन्हा गेला, पुन्हा दाबलं. बाई मान डोलवायला लागल्या. माझ्या जिवात जीव आला. काम जमतंय असं वाटून मी थोडा ऐटीतही बसलो.

मग बाईंनी ओढणी सावरली, आणि मी बटण दाबलं.

त्या थांबल्या. माझ्याकडे बघत त्यांनी पुन्हा नुसताच खांदा हलवला, आणि माझ्या अंगठ्यानं माझं न ऐकता बटण दाबलं. त्यानंतर त्यांनी खुर्ची फिरवली आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या. मी त्या काचेच्या खोलीत बसलो, कानांवर गोल, हातात बटण, आणि पुढे त्यांची वेणी. तिथं पूर्ण शांतता होती. इतकी शांतता मला कधी मिळाली नव्हती, आणि तिचा मला इतका राग आला की घाम फुटला.

बाई चांगल्या होत्या. समोर बसून, ओठ मोठे करून त्यांनी सांगितलं की कानाला यंत्र लावून घ्या. कारखान्याच्या माणसानं माझ्याऐवजी दोस्ताकडे बघत सांगितलं की यांचं होणार नाही.

दोस्ताचे कान ठणठणीत निघाले. तो पहिल्या दिवसापासून टाकाऊ सुताचे बोळे कानात घालायचा आणि मी त्याला त्यावरून हसायचो. मी कधी घातले नाहीत. मागांच्या आवाजावरून कुठला माग अडकणार ते मला आधी कळायचं, आणि त्याची मला मिजास होती. ते अजूनही कळतं. फक्त कानाला कळत नाही, जमिनीवरून तळपायाला कळतं. हा बदल कधी झाला ते सांगता येत नाही.

घरी बायकोला आश्चर्य वाटलं नाही. तिनं माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं आणि म्हणाली, “म्या कवाची सांगतीय. तुमास्नी आयकूच येत न्हाय. तुमी म्हनायचा मीच हळू बोलतीया.” तेव्हा मला शेजारच्या बायका आठवल्या, ज्या माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलतात. टपरीवरची माणसं आठवली, ज्यांचं हसून झाल्यावर मी हसतो. आणि एक गोष्ट लख्ख दिसली. ज्या शेडनं माझे कान खाल्ले, त्या शेडमध्येच तेवढा मी बहिरा नाही. तिथं सगळेच हातांनी बोलतात आणि माझ्याइतकं चांगलं कुणी बोलत नाही. दाराबाहेर पाऊल टाकलं की मी अडाण्यासारखा लोकांच्या तोंडाकडे बघतो. मग मी सुटणार तरी कुठं? यंत्र लावा म्हणतात. लावून उभं राहा त्या मागांमध्ये आणि मग सांगा.

दोस्त जाऊ की नको म्हणून अडला होता. शेवटच्या आठवड्यात गल्लीपलीकडून त्यानं तळहात दाबला आणि प्रश्नार्थक मान हलवली. लेफ्ट बॅकचं काय करायचं? मला तो राहायला हवा होता. अगदी सरळ सांगतो, त्याच्याशिवाय त्या शेडमध्ये माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं, आणि शेडबाहेर मी बोलू शकत नव्हतो. मी मागाकडे वळून एक धागा जोडला. जोडायची गरज नव्हती. मग त्याच्याकडे तोंड करून नीट, चारही कोपरे जुळवून घडी घातली.

तो गेला. त्याच्या जागी आलेला माणूस कामाला चांगला आहे. सूत, कांडी, मालक, चहा, एवढ्या खुणा त्याला पुरतात. सुरुवातीला सामन्याच्या दुसऱ्या दिवशी माझे हात आपोआप उठायचे आणि डोक्यावर शेंडी करून हवेतच राहायचे. तो खुणेनं विचारायचा, काय झालं, डोकं दुखतंय का? मीही दुखतंय म्हणायचो.

रविवारी दोस्ताचा व्हिडिओ फोन येतो. व्हिडिओच, कारण साध्या फोनचा मला उपयोग नाही, हे त्यानं लक्षात ठेवलंय. पहिले काही रविवार आम्ही मोबाइल भिंतीला टेकवून पूर्वीसारखे भांडलो. मग त्याच्या खोलीत इतर पोरं राहायला आली. त्यांच्यासमोर हातवारे करायला त्याला लाज वाटत असावी, मला तसं कुणी सांगितलं नाही. तो कानात ते छोटे इअरफोन घालून बोलायला लागला. हात मोबाइलच्या चौकटीखाली गेले. बायको शेजारी बसून मला तेवढं ओरडून सांगते, “बरं हाय म्हनतोय. जेवान बरं हाय.”

गेल्या रविवारी मला त्याला एक फार महत्त्वाचं विचारायचं होतं. क्लब आमच्या म्हाताऱ्या बचावपटूला विकणार अशी बातमी होती. इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी भांडलो तो. बायको बाहेर गेली होती. फोन लागला, त्याचा हसरा चेहरा आला, अंगावर कारखान्याचा निळा शर्ट, जरा भरलाही होता. तो काहीतरी बोलला. मी ते सोडून दिलं, मोबाइल डब्याला टेकवला, मागून कमरेवर हात ठेवला, मग हात पुढे आणून घडी घातली आणि मान हलवून विचारलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. भुवया जवळ आल्या. मग त्याचे ओठ हलले. ते ओठ मला आवाजाशिवाय कळले, कारण तो शब्द दिवसभर माझ्याच तोंडात असतो. तो म्हणाला, “काय?”

मी पुन्हा कमरेवर हात ठेवला. या वेळी सावकाश, मोठा करून, लोक माझ्याशी बोलताना करतात तसा.