मोरी बघून ये

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, की शेअर घेतल्यावर किती थांबायचं असतं. नेमकं उत्तर मला आजही देता येणार नाही. पण आमच्या घरात ते एकदा कसं ठरलं, एवढं सांगते.

बहात्तरचा दुष्काळ चालू होता. नगरला भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. तुमचे आजोबा कचेरीत, मी शाळेत इंग्रजी शिकवायला, आणि पारनेरकडच्या गावाहून आलेल्या माझ्या सासूबाई. काही वर्षांपूर्वी औद्योगिक वसाहतीत एक छोटा कारखाना निघाला होता. विहिरीवरच्या पंपाचे फूट-व्हॉल्व्ह तिथे बनत. पाइपाच्या पाण्यातल्या टोकाला ही झडप बसवतात; पंप बंद झाला तरी पाइपातलं पाणी ती खाली सांडू देत नाही. कारखान्याने शेअर विकायला काढले तेव्हा सासूबाईंनी हातातल्या पाटल्या मोडून ते घेतले. गावच्या विहिरीत कारखाना निघण्याआधीचा, त्याच्या मालकाच्या हातचा जुना व्हॉल्व्ह होता आणि तो कधी गळला नव्हता, एवढंच त्यांचं कारण.

पुढे त्या शेअरचं नाव कुणी काढलं नाही. पेपरात बड्या कंपन्यांचे भाव येत, आमच्या कंपनीची ओळच नसे. शेजारचे मास्तर मला विचारत, रद्दीवाला काय भाव देतो म्हणाला? त्यात दुष्काळ. विहिरीच कोरड्या, तर व्हॉल्व्ह घेणार कोण?

अशात पुण्याहून एक दलाल आला. कुणासाठी तरी तो हे शेअर गोळा करत होता. देत होता ते आमच्या खरेदीपेक्षा कमीच, पण निदान एक पाटली परत झाली असती. देऊन टाकू या, असं तुमच्या आजोबांचं म्हणणं. आई लग्नकार्यात नुसता काचेचा चुडा घालून जाते, हे त्यांना सलत होतं. माझ्या डोक्यात मात्र वेगळाच किडा शिरला. सगळं नगर ज्याला रद्दी म्हणतं, ते पुण्याच्या माणसाला कशाला हवं?

दलाल रविवारी उत्तर घ्यायला येणार होता. शनिवारी कारखान्यात भागधारकांची वार्षिक सभा होती. कंपनीचा इंग्रजी अहवाल मी सासूबाईंना मराठी करून वाचून दाखवला. त्या तांदूळ निवडत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बैठकीची खोली समदेच झाडत्यात. तू मोरी बघून ये."

ही त्यांची जुनी रीत. मला बघायला आल्या तेव्हा पोह्यांची बशी तशीच ठेवून, पाय धुण्याचं निमित्त करून त्या थेट आमच्या मोरीत गेल्या होत्या. माझं इंग्रजी शिक्षण त्यांना खटकत होतं. आमच्या घासलेल्या घागरींनी माझं लग्न जमवलं.

सभेला सात-आठ पुरुष आणि मी. कारखान्याच्या शेडमध्येच खुर्च्या मांडल्या होत्या. मालकांनी अहवाल वाचला, यंदा लाभांश नाही म्हणाले, चहा आला. मी हात धुवायचे आहेत म्हणून मागच्या बाजूला गेले.

मोरी लांबरुंद होती. भिंतीला ओळीने उभे पाइप, प्रत्येकाच्या बुडाला एक व्हॉल्व्ह, पाइपात काठोकाठ पाणी, आणि प्रत्येकाखाली वर्तमानपत्राचा कागद. मी वाकून कागद चाचपू लागले. तेवढ्यात मालक मागून आले. मी ओशाळले, पण विचारलंच, की गिऱ्हाईक नसताना हे कशासाठी?

"आत्ताच तर फुरसत आहे, बाई," ते म्हणाले. "विहिरींना पाणी आलं की सगळे एकदम येतील. तेव्हा तपासायला कुणाला वेळ?"

माझ्या हाताखालचा एक कागद ओला लागला. त्यांनी पाइपातलं पाणी पिंपात परत ओतलं, तो व्हॉल्व्ह काढला, खडूने त्यावर फुली मारली आणि बाजूला ठेवला.

घरी आल्यावर सगळं सांगितलं. ओल्या कागदाचंही. सासूबाईंचा तांदळातला हात थांबला.

"वला निघाला त्यो लपवला, का दावला?"

"माझ्यासमोर फुली मारली, आई."

तुमचे आजोबा काही बोलणार होते. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "मग ऱ्हाऊ दे," म्हणाल्या, आणि सूप उचलून आत गेल्या.

रविवारी दलाल चहा पिऊन परत गेला. पुढच्या वर्षी पाऊस झाला, कारखान्याचं मागचं दार रात्री उशिरापर्यंत उघडं दिसू लागलं, तरी पेपरात आमची ओळ आली नाही. ती यायला आणखी बराच काळ गेला, आणि त्यानंतर पाटल्या झाल्या. मला अजून न सुटलेलं कोडं एकच: पुण्याच्या त्या माणसाला कुणी सांगितलं होतं? तो कधी त्या मोरीत वाकला होता का?

मधल्या काळात पारनेरला एका लग्नात सासूबाईंच्या जावेने त्यांचा हात सगळ्यांसमोर वर धरला आणि पाटल्या कुठं गेल्या म्हणून विचारलं. मी मान खाली घातली.

सासूबाईंनी हात सोडवून घेतला नाही. "भिजत घातल्यात," म्हणाल्या.