केरू हवालदाराचा बहिरा सेट

केरू पगारे फौजेतून हवालदार होऊन सुटला तेव्हा त्याच्याजवळ एक लोखंडी ट्रंक, एक सोल्डरिंगची कांडी आणि फार तर शंभरेक शब्द होते. त्या शंभरातले साठ-सत्तर तो बायकोशी, लंकाबाईशी, खर्च करी. पंचाहत्तर साली लंकाबाई वारली आणि ते शब्द तसेच पडून राहिले. एकुलती एक मुलगी सिन्नरला दिलेली. ती एप्रिलात जयंतीला यायची, दोन दिवस घर झाडून-पुसून लख्ख करायची आणि जाताना म्हणायची, "आबा, कोणाशी तरी बोलत जा." केरू मान डोलवायचा. तेवढ्याला शब्द लागत नाहीत.

खरं तर तो रोज बोलत होता. नाशिकरोडच्या बौद्ध वस्तीत, पत्र्याच्या दोन खोल्यांत, सकाळी सातच्या ठोक्याला. देवळाली कॅम्पात तोफखान्याचे वायरलेस दुरुस्त करण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती आणि सुटल्यावरही हातांची खाज गेली नाही. रीतसर लायसन काढून त्याने घरीच सेट बांधला. असे हौशी लोक देशभर असतात, त्यांना हॅम म्हणतात. एकेकाचे शंभर-शंभर दोस्त असतात, अगदी जपान-रशियापर्यंत. केरूचा एकच. बार्शीचे मोतीराम गुरुजी, हायस्कुलातून रिटायर झालेले विज्ञानाचे शिक्षक. आठ वर्षं दोघं रोज सातला हवेत भेटत आणि प्रत्यक्षात एकदाही भेटले नव्हते.

आणि बोलत काय? "हवालदार, आपला आवाज पाच-नऊ," म्हणजे स्वच्छ आणि जोरदार. "गुरुजी, आपलाही पाच-नऊ. नाशिकला ऊन." "बार्शीलाही ऊन." मग एखाद्या कॉइलचे वेढे किती घ्यावेत यावर दोन वाक्यं, की नमस्कार. हवेवर महत्त्वाचं खासगी बोलू नये असा लायसनचा नियमच होता, पण हे दोघे नियमापेक्षाही कडक. लंकाबाई गेली तेव्हा केरूचा सेट चार दिवस बंद होता. पाचव्या दिवशी त्याने सांगितलं, "एरियल उतरवली होती." गुरुजी म्हणाले, "हो, वारं फार आहे सध्या." विषय संपला. तरी त्या पाच मिनिटांवरच केरूचा उरलेला दिवस उभा असे. ती पाच मिनिटं गेली तर आपल्याकडे काहीच उरणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

एकोणऐंशीच्या मे महिन्यात ती जायची वेळ आली.

विजेला केरू वचकून असे. छपरापासून कडुनिंबापर्यंत साठ-पासष्ट फूट तांब्याची तार बांधलेली. ती घरात शिरे तिथे एक पात्याचा स्विच. आभाळ काळवंडलं की पातं खाली, म्हणजे तार थेट जमिनीत पुरलेल्या पाइपाला जोडली जाई. पाइपाभोवती मीठ-कोळसा भरलेला आणि त्यावर रोज तांब्याभर पाणी. पण त्या दिवशी आभाळ कोरडं ठणठणीत होतं. दुपारी चारला उत्तरेकडून नुसत्या धुळीची वावटळ उठली, शेजारच्या चतुराबाईचा पत्रा फडफडायला लागला आणि तिने हाकारा केला. केरू दगड घेऊन तिच्या छपरावर चढला. ढग नाही, वीज नाही, पातं पाडायचं त्याच्या मनातही आलं नाही.

सवय नडली, दुसरं काही नाही. जुने व्हॉल्व्हचे सेट धट्टेकट्टे, थोडाफार झटका पचवून टाकत. पण त्याच हिवाळ्यात त्याने जुना रिसीव्हर मोडून त्याच्या भागांतून नवा, ट्रान्झिस्टरचा, बांधला होता. उडत्या कोरड्या धुळीचा कण न् कण तारेवर आपली चिमूटभर वीज ठेवून जातो आणि ती साचत राहते, हे त्याने फौजेत रंगरुटांना फळ्यावर काढून शिकवलं होतं. शिकवलेलं आपल्यालाही लागू असतं, एवढंच तो विसरला.

खाली उतरून घरात आला तर स्विचपाशी टिकटिक ठिणग्या पडत होत्या. त्याने झटकन पातं पाडलं, पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. तारेकडून आत येताना लागणारा पहिलाच ट्रान्झिस्टर जळाला होता. रिसीव्हरमधून नुसती घरघर. पाठवायचा सेट मात्र वेगळा, व्हॉल्व्हचाच, त्याला काही झालं नव्हतं. म्हणजे आता केरूला बोलता येणार होतं आणि ऐकू येणार नव्हतं. या माणसावर याहून अवघड वेळ कोणती यायची! घरातल्या साध्या रेडिओवर ऐकावं, तर गुरुजींचं नव्या पद्धतीचं प्रसारण त्यावर बदकं भांडल्यासारखं येई. एक शब्द कळायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सातला तो माइकपुढे बसला. "गुरुजी, रिसीव्हर जळाला. आपलं ऐकू येत नाही. रोज सातला हजेरी देईन. नमस्कार." पोहोचलं की नाही, कळायला काही मार्ग नव्हता. पाचव्या दिवशी पोस्टकार्ड आलं. 'आपला आवाज पाच-नऊ. दुरुस्ती होईपर्यंत रोज हजेरी द्यावी ही विनंती. बार्शीला ऊन.' केरूने ते कार्ड तीनदा वाचलं.

ट्रान्झिस्टर मुंबईहून मागवावा लागला. यायला अठरा दिवस लागले. पायांभोवती बारीक तारेचं कडं घातलेला, अंगठ्याच्या नखाएवढा तो जीव. कडं असेपर्यंत त्याला कसली भीती नाही, पण जोडायच्या आधी काढलं तर माणसाच्या अंगातली वीजसुद्धा त्याला पुरते. केरूने घाईत कडं आधी काढलं. अंगात जावयाने दिलेला टेरिलीनचा शर्ट, बाही टेबलाला घासली, आणि अठरा दिवसांची वाट बघणं एका क्षणात पाण्यात गेलं. त्याने शर्ट ट्रंकेत टाकला आणि मुंबईला पुन्हा पत्र लिहिलं.

दुसरा नग येईपर्यंत तो गप्प बसला नाही. तारेपासून पाइपापर्यंत त्याने एक कायमची वाट करून दिली, म्हणजे पातं वर असलं तरी साचलेली वीज आपसूक जमिनीत झिरपेल. रिसीव्हरच्या तोंडाशी दोन डायोड उलटसुलट बसवले. जास्तीचा झटका आलाच तर तो त्यांच्यातून निघून जाईल, आतपर्यंत पोहोचणार नाही. आणि नग आल्यावर उघड्या अंगाने, घोट्याला तांब्याची तार बांधून, तिचं दुसरं टोक पाइपाला लावून कामाला बसला. दाराशी भाकरी घेऊन आलेली चतुराबाई जागच्या जागी थबकली.

"अगं बया! केरूभाऊ, सोताला बांधून काहून घेतलं?"

"वीज जायला."

"डोक्यातली जाईल तर लय बरं होईल," म्हणून तिने भाकरी ठेवली आणि वस्तीभर सांगून आली.

जूनच्या मध्यावर ते काम संपत आलं. एका सकाळी पाचपासून तो बसला होता. सात वाजले तसं हातातलं ठेवून त्याने हजेरी दिली, "रिसीव्हर अजून बंद. नमस्कार." मग शेवटचा टाका लावला, कडं कापलं आणि नुसतं बघावं म्हणून बटण फिरवलं. हेडफोनमध्ये गुरुजींचा आवाज आला. पाच-नऊ.

"...चहात साखर घालू का विचारलं, तर म्हणते, तुम्ही कोण? पंचेचाळीस वर्षांचा संसार, हवालदार. आता रोज सकाळी सांगावं लागतं, यशोदा, मी मोतीराम. ती बरं म्हणते. दुपारी पुन्हा विचारते. काल मी चिडलो. तिचा हात हिसडला. मनगटावर वळ उठलाय. हे मी बार्शीत कोणाला सांगू? निम्मं गाव माझ्या हाताखाली शिकलेलं. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून चाळीस दिवस बोलत सुटलोय. येत असतं तर एक अक्षर निघालं नसतं. असो. नमस्कार."

केरूचा हात माइककडे गेला आणि परत आला. आठ वर्षांत या माणसाच्या बायकोचं नावही त्याला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सातला, फौजेत कधी खोटी हजेरी न दिलेला केरू म्हणाला, "गुरुजी, रिसीव्हर बंदच आहे. वेळ लागेल."

असे नऊ दिवस. गुरुजी बोलत राहिले, केरू ऐकत राहिला. यशोदाबाई पूर्वी भांडायच्या कशा, हसायच्या कशा, आता परकरातल्या मुलीसारख्या आईला हाका मारतात कशा. इतकं बोलणं केरूच्या खोलीत कधी झालं नव्हतं. त्याला ते हवंहवंसं वाटे आणि चोरून ऐकतो म्हणून लाजही वाटे. दोनदा तर उत्तर जिभेवर आलं होतं. पण उत्तर दिलं की हे सगळं थांबणार, मग पुन्हा ऊन आणि कॉइलचे वेढे. त्याने ते गिळलं.

दहाव्या दिवशी गुरुजींचा आवाज पडलेला होता. "उद्या पुण्याहून मुलगा येतोय. तिला तिकडे एका आश्रमात ठेवायचं म्हणतो. तिला तरी काय कळणार आहे, म्हणतो. खरंच काय कळणार आहे? हो म्हणू का, हवालदार? तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तर विचारतोय."

केरूने माइकचा स्विच दाबला.

"गुरुजी, ऐकू येतंय. दहा दिवस येतंय. खोटं बोललो, माफी असावी." त्याने स्विच दाबूनच ठेवला. "माझी बायको पंचाहत्तर साली गेली. इस्पितळात होती. सकाळी सहाला म्हणाली, थांबा. मी म्हटलं, सातला गुरुजी वाट बघतात, नऊला येतो. नऊला गेलो तर खाटेवरची चादर बदलत होते. तिला काय कळणार आहे, असं मलाही वाटलं होतं. तापात होती. पण थांबा म्हणाली, ते कळूनच म्हणाली. वहिनींना पाठवू नका. रोज नाव सांगावं लागतं, तर सांगा. ओव्हर."

उभ्या जन्मात तो एका दमात इतकं बोलला नव्हता. त्याने स्विच सोडला. हेडफोनमध्ये नुसती खरखर. साडेसात झाले, आठ झाले. गुरुजी आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. केरू सातला हजेरी देई आणि अर्धा तास खरखर ऐके. सेट चोख होता, दोष कुठेच नव्हता. एकुलता एक माणूस आपण आपल्या हाताने तोडला, असं वाटून त्याला भाकरी गोड लागेना. चतुराबाईने विचारलं, "बरं नाय का?" त्याने मान डोलवली.

सातव्या दिवशी आवाज आला. "हवालदार, आपला आवाज पाच-नऊ. बार्शीला ढगाळ."

"गुरुजी, आपलाही पाच-नऊ," केरू म्हणाला. "नाशिकलाही ढगाळ."

मग गुरुजींनी एरियलच्या खांबाबद्दल दोन वाक्यं सांगितली आणि नमस्कार केला. त्या दहा दिवसांचा विषय त्यांनी काढला नाही, तो पुढेही कधी निघाला नाही. पण नमस्कार करूनही त्यांनी स्विच सोडला नव्हता. मागून एका बाईचा बारीक आवाज आला.

"कोणाशी बोलता हो?"

"नाशिकचे केरूभाऊ आहेत, यशोदा."

"आणि तुम्ही कोण?"

"मी मोतीराम."

"बरं," ती म्हणाली. तेव्हा कुठे स्विच सुटला.

केरूने हेडफोन काढले. त्याच्या दोन खोल्यांत 'तुम्ही कोण' म्हणून विचारणारंही कोणी नव्हतं. त्याने स्टोव्ह पेटवला आणि कपभर चहा ठेवला.