दगडापासून पडद्यापर्यंत

"तू हे सगळं गार खाल्लंयस," असं म्हणून संपादकांनी माझे चार कागद टेबलावरून माझ्याकडे सरकवले.

गुरुवार होता. सोमवारी सकाळी मला यादी द्यायची होती. निखाऱ्यावर भाजलेलं मांस हैदराबादेत सगळ्यांत चांगलं कुठे मिळतं, अशी पाच ठिकाणं. त्या वर्षांत शहरात रोज काहीतरी नवीन उघडत होतं. गल्लोगल्ली केबलच्या तारा लोंबायला लागल्या होत्या, पुण्या-मुंबईची कॉम्प्युटरवाली मंडळी येऊन भाड्यानं राहत होती, आणि त्यांनी कुठे जेवावं हे सांगायला आमच्या इंग्रजी दैनिकानं रंगीत पुरवणी काढली होती. पुरवणीत जागा एक आणि उमेदवार दोन. दुसरा माझ्याच वयाचा होता, त्याच्या शर्टाला सकाळीसुद्धा धुराचा वास यायचा. दोघांनी आपापली यादी करायची, चांगली ज्याची त्याची नोकरी. मला ती नोकरी हवीच होती. ती गेली असती तर सुलतान बाजारातल्या टायपिंग क्लासमध्ये शिकवायचं आणि स्थळं बघायची, एवढंच उरलं असतं.

मला भयंकर राग आला. संपादक खरं बोलत होते, म्हणून जास्तच आला.

मी खोटं काही लिहिलं नव्हतं. सिकंदराबादपासून जुन्या शहरापर्यंत सगळीकडे जाऊन आले होते. पण प्रत्येक ठिकाणी दारातच कुणीतरी अदबीनं हात दाखवायचं, "फ्यामिली रूम अंदर है, अम्मा." शेगडी बाहेर रस्त्यावर, तिच्याभोवती पुरुष उभे, आणि बायकांसाठी पार आत, मळकट पडद्याआड चार खुर्च्या. बाहेर उभं राहायला बायकांना कुणी मनाई केली नव्हती. कुणी बाई उभीच राहत नव्हती. बाहेरच्यांचं झाल्यावर निघालेलं ताट त्या पडद्यापाशी पोहोचेपर्यंत कबाबावरचं तूप गोठायला लागलेलं असायचं, आणि मी शहाणी त्यावर "लुसलुशीत" वगैरे लिहून मोकळी होत होते.

मुलगी एकटी हॉटेलात जाणार नाही, म्हणून दरवेळी माझे वडील सोबत असायचे. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. रेल्वेतून नुकतेच निवृत्त झाले होते. काचीगुड्याहून ते मला स्कूटरवर घेऊन यायचे, पडद्याआड माझ्यासमोर बसायचे आणि पाणी प्यायचे. खायचे काहीच नाहीत. आईच्या वर्षश्राद्धानंतर ते गयेला गेले होते. तिथे आपली एक आवडती वस्तू कायमची सोडून यायची असते. बहुतेक लोक हुशारी करतात, दुधी-पडवळ सोडून येतात. नानांनी पत्थर का गोश्त, म्हणजे तापल्या दगडावर भाजलेलं मटण, सोडलं आणि त्याबरोबर निखाऱ्यावरचं सगळंच. आमचं घराणं शेतकऱ्यांचं, मटण खाणारं. दर रविवारी ते जुन्या शहरातून कागदात गुंडाळून पत्थर का गोश्त आणायचे आणि आई ते मिटक्या मारत खायची. बायकोवरच्या मायेपोटी माणसानं केवढं सोडलं, असं आमच्याकडे सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही जुन्या शहरातल्या त्याच दुकानात गेलो, जिथून नाना रविवारी गोश्त आणायचे. यादीत पहिला नंबर कुणाला द्यायचा ते इथेच ठरणार होतं. पुन्हा तोच पडदा. ताट आलं. मी तुकडा तोंडात टाकला आणि चावत बसले. बाहेर उभ्या पुरुषांना हेच गरम मिळत असेल, त्या धुरकट शर्टवाल्यालाही मिळालं असेल, या विचारानं माझं डोकं सणकलं.

"नाना," मी म्हणाले, "तुम्ही बाहेर जाऊन एकच तुकडा खा. कसा लागतो तेवढं सांगा मला."

म्हटलं खरं, आणि मग लक्षात आलं. गयेला सोडलेलं मी त्यांना खायला सांगत होते, तेही एका नोकरीसाठी. त्यांनी पेला खाली ठेवला. पडद्यापलीकडे उलथन्याचा खणखणाट चालू होता. मी "नको, राहू द्या" म्हणायला हवं होतं. म्हणाले नाही. नोकरी हवी होती मला, एवढी की ते खातील याची मी वाट बघत बसले. त्याची लाज आजही वाटते.

ते उठले. पडदा एका हातानं धरून उभे राहिले आणि म्हणाले, "चल."

"कुठं?"

"बाहेर. ऊठ लवकर."

मी त्यांच्या मागे चालत होते आणि का कोण जाणे, पावलं मोजत होते. एकोणीस झाली. फुटपाथवर विटांवर ठेवलेला काळा ग्रॅनाईटचा जाड दगड, खाली निखारे, वर मांसाचे पातळ पसंदे तडतडत होते. पंधरा-वीस माणसं होती. मी जाऊन उभी राहिले आणि त्यांचं बोलणं बंद पडलं. कुणी वाईट बोललं नाही, पण सगळे हात थांबले. मला ओढणी कुठे धरू ते कळेना.

दगडापाशी बसलेला म्हातारा म्हणाला, "अंदर भेजतूं ना अम्मा, इधर कायकू खड़े? धुआँ है."

"उसकू इधरीच खाना है," नाना म्हणाले.

तेवढ्यात गर्दीतून नानांच्याच ऑफिसातला एक जण पुढे आला. आता हे उद्या सगळ्या काचीगुड्यात पसरणार, हे मला दिसायला लागलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, नानांकडे बघितलं. "साब, तुम तो गया में छोड़ दिए थे ना?"

"मैं छोड़ा," नाना म्हणाले. "ये कहाँ छोड़ी?"

म्हाताऱ्यानं उलथन्यावर एक पसंदा घेतला आणि पानावर टाकून सरळ माझ्या हातात दिला. जीभ भाजली. मिरी, कडेचं करपलेलं, आतला रस, सगळं एकदम. इतकी वर्षं मी हे खातेय असं समजत होते. मी हे कधी खाल्लंच नव्हतं.

"नाना, तुम्ही रविवारी आणायचात ते हे नव्हतं."

"हेच होतं." ते दगडाकडे बघत होते. "मी हितं उभं राहून गरम खायचो. पोट भरलं की तुमचं बांधून घ्यायचो. घरी येईस्तोवर त्याची पार चामड्याची वादी व्हायची."

"आई तर चांगलं लागतंय म्हणायची."

"म्हणायची ना. तिला काय ठाऊक? चल माझ्यासंगं, असं एकदा बी मला सुचलं नाही." मग म्हणाले, "ती गेल्यावर आलो होतो एकदा. घशाखाली उतरंना. म्हणून सोडलं. लोकं बोलतात तसं काई नाही."

मला रडू आलं. धुरामुळे नाही.

शनिवार-रविवारात उरलेल्या चारही ठिकाणी मी शेगडीपाशी उभं राहून खाल्लं, नाना शेजारी हाताची घडी घालून उभे. सगळीकडे लोक बघायचे. सोमवारी नवीन कागद दिले. प्रत्येक ठिकाणापुढे आगीपासून पडदा किती पावलांवर आहे ते लिहिलं होतं. संपादक म्हणाले, हे कशाला? मी म्हटलं, गार खाल्लंयस असं तुम्हीच म्हणाला होतात, ते गार का होतं ते हे. नोकरी मला मिळाली.

पुरवणी छापून आली तेव्हा मी नानांना मराठीत वाचून दाखवली. पहिल्या ठिकाणापाशी आले, "दगडापासून पडदा एकोणीस पावलं."

"आणि दगडापासून आपलं घर," नाना म्हणाले, "तवा स्कूटर नव्हती, बसनं पाऊण तास. ते नाही लिहिलंस."

ते मी तेव्हा लिहिलं नव्हतं.